व्हेट स्कूलच्या मुलाखतीला जाताना पायात काय घालायचं?

महाराष्ट्रात पशुवैद्यक व्हायचं तर नीटचे गुण लागतात, मुलाखत लागत नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलांना बुटांचा प्रश्न पडतो तो थेट प्रॅक्टिकलच्या वेळी, आणि तिथे उत्तर ठरलेलं असतं: गमबूट. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये अर्ज करणाऱ्यांचं तसं नाही. तिथे बहुतेक कॉलेजांत मुलाखत असते आणि ती येते साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे ऐन थंडीत. तिकडे वाढलेली मराठी घरांतली मुलं या मुलाखतींना जातात, इथून शिकून जाणारीही काही असतात. घरात कोट, शर्ट, टॉप यांवर आठवडाभर खल होतो आणि बूट मात्र आदल्या शनिवारी जाऊन आणले जातात. हा क्रम उलटा हवा. शर्ट थोडा टोचला तरी माणूस विसरतो. बूट चावायला लागला की दुपारनंतर सगळं लक्ष टाचेवर.

आधी तो दिवस कसा असतो ते पाहू, कारण बूट त्यावरून ठरतात. प्रत्यक्ष कॅम्पसवर बोलावलं असेल तर सकाळी हजेरी, स्वागताचं बोलणं, मुलाखत, शिकत असलेल्या विद्यार्थ्यांबरोबर जेवण आणि मग कॅम्पसची फेरी असा साधारण बेत असतो. बऱ्याच ठिकाणी मुलाखत एका टेबलापाशी बसून होत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झालेली एमएमआय, म्हणजे छोट्या-छोट्या मुलाखतींची साखळी, आता अनेक व्हेट स्कूलमध्ये चालते. एकेका दाराबाहेर उभं राहून दोन मिनिटांत प्रसंग वाचायचा, आत जाऊन पाच-आठ मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढचं दार. अशी सहा ते दहा दारं. बसायला मिळतं, पण सलग नाही, आणि प्रत्येक वेळी उठून चालत पुढे जायचं असतं. जेवणानंतरची फेरी तासाभराची असेल तर त्यात वर्गखोल्या, शरीररचनेची प्रयोगशाळा, लहान जनावरांचं रुग्णालय आणि बहुधा गाई-घोड्यांचा विभागही येतो. म्हणजे एकाच बुटानं गालिचा, ओली टाईल, रबराची चटई, खडी आणि कधीकधी शेणाचा ओलावा पार करायचा असतो. बँकेच्या किंवा आयटीच्या मुलाखतीचे बूट इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळे.

कॉलेजच्या ईमेलमध्ये पोशाखाबद्दल एक ओळ असते. 'बिझनेस कॅज्युअल' किंवा 'प्रोफेशनल' असं लिहिलेलं असतं आणि फेरी असेल तर बहुतेक वेळा 'बंद बूट आणि चालायला सोयीचे' असंही. ती ओळ नीट वाचा. बंद याचा अर्थ पुढून बंद आणि मागूनही बंद. मागून उघडे क्लॉग शस्त्रक्रियागृहात डॉक्टरांच्या पायात दिसतील, पण पाहुण्यानं ते घालून गोठ्यात जाऊ नये. गाईनं पाय हलवला तर मागून उघडा बूट पायातून निसटतो आणि टाच उघडी पडते. चपला, सँडल, पुढे भोक असलेले बूट आणि जाळीच्या कापडाचे रनिंग शूज हे सगळे बाद. जाळीतून द्रव सरळ मोज्यात उतरतं.

आता मुद्दा जंतुनाशकाचा, आणि बूट निवडताना मी सगळ्यात आधी याचाच विचार करायला सांगेन. मोठ्या जनावरांच्या रुग्णालयात साल्मोनेला या आतड्याच्या जिवाणूचा धोका कायम असतो. घोड्यांच्या लिदेतून आणि गाईंच्या शेणातून तो बुटाच्या तळाला लागून एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जातो, आणि अशा साथींमुळे मोठी पशुरुग्णालयं काही काळ बंद ठेवावी लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून विभागाच्या दाराशी जंतुनाशकात भिजवलेली जाड चटई किंवा उथळ ट्रे ठेवलेला असतो. त्यात पाय बुडवूनच पुढे जायचं. काही ठिकाणी गुलाबी द्रावण दिसेल. ते बहुधा व्हर्कॉन असतं, एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे एक टक्का. ते ऑक्सिडीकरण करणारं आहे, त्यामुळे कापडाचा रंग उडवतं, धातूच्या बकलला गंज आणतं आणि साबरासारख्या मऊ केसाळ चामड्यावर कायमचा डाग सोडतं. पॉलिश केलेल्या गुळगुळीत चामड्यावरून मात्र ते लगेच पुसून काढता येतं. स्वेड आणि नुबक ही अशी केसाळ चामडी कितीही छान दिसली तरी या दिवसासाठी नकोत. तळाच्या कडेला शिवण उघडी असेल, वर नक्षीची भोकं पाडलेली असतील, तर तिथे घाण अडकते आणि द्रावण आत झिरपतं. वर भोकं नसलेला साधा बूट इथे कामाचा.

याच चटईबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी, कारण फेरीत नेमकी तीच चुकते. बुटाला चिखल किंवा शेण चिकटलेलं असेल तर जंतुनाशक त्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतं आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी ब्रशनं घासायचं, मग बुडवायचं. चटईवरून उडी मारून जाणारा पाहुणा तिथल्या माणसांच्या लगेच नजरेत येतो. पॉलिश खराब होईल या भीतीनं चटई टाळण्यापेक्षा पॉलिश खराब झालं तरी चालेल असा बूट घालून जा.

काही कॉलेजं प्लॅस्टिकचे बूटकव्हर देतात. हे कव्हर गुळगुळीत असतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. टोकदार टाच ते दोन मिनिटांत फाडते, मग आत पाणी साचतं. रुंद, सपाट तळाच्या बुटावर ते नीट बसतं. कव्हर चढवताना पँटची कड आत घ्या. आणि एवढ्याचसाठी पँटची लांबी बूट घालून मापा: टाचेपाशी कड जमिनीपासून एक-दीड सेंटीमीटर वर राहिली पाहिजे. कडेनं फरशीवरचं पाणी शोषलं की ते कापडातून वर चढत जातं आणि उरलेला दिवस घोट्याला गार ओलं कापड चिकटून राहतं.

बुटाच्या प्रकारांकडे येऊ. नाडीच्या औपचारिक बुटांत दोन घराणी आहेत. ऑक्सफर्डमध्ये नाडीची दोन्ही पाखं खालून एकत्र शिवलेली असतात, म्हणून तो अंगाबरोबर बसलेला आणि जास्त औपचारिक दिसतो. डर्बीमध्ये पाखं वरून मोकळी असतात. पायाचा वरचा उंचवटा जास्त असेल, किंवा दुपारनंतर पाय फुगत असेल, तर डर्बीची नाडी सैल करता येते. ऑक्सफर्डमध्ये ती सोय फार थोडी. या दिवसासाठी काळा किंवा गडद तपकिरी, साध्या पुढच्या भागाचा डर्बी हीच माझी पहिली पसंती, मुलगा असो की मुलगी. बूट मुलींच्या मापात मिळत नसेल तर मुलांच्या विभागात पाहायला काही हरकत नाही.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे चेल्सी बूट. घोट्याच्या वर येणारा, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेला, नाडी नाही. घोटा झाकला जातो आणि नाडीत अडकणारी घाण टळते. ऑस्ट्रेलियात गाई-घोड्यांचं काम करणाऱ्या अनेकांच्या पायात याच जातीचे दणकट बूट असतात. मुलाखतीसाठी मात्र त्यातला बारीक तळाचा, पॉलिश होणारा घ्यावा. इलॅस्टिक जुनं झालं की सैल पडतं आणि टाच वर-खाली होते, म्हणून जुना जोड काढणार असाल तर इलॅस्टिक ताणून पाहा.

लोफरबद्दल मी जरा सावध आहे. तो पायात धरून ठेवायला नाडी नसते, सगळा भार मापावर. थोडा सैल असला की टाच सुटते, बोटं बूट धरून ठेवायला आतून आवळत राहतात आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखतात. माप अगदी बरोबर असेल आणि वरची पट्टी उंच असेल तरच लोफर घ्या.

मुलींसाठी दुकानात जे 'ऑफिस' म्हणून ठेवलेलं असतं त्यातलं निम्मं या दिवसासाठी निरुपयोगी आहे. बॅले फ्लॅटचा तळ इतका पातळ असतो की खडीचा प्रत्येक दगड जाणवतो, आणि वरून तो इतका उघडा की चटईतलं द्रावण कडेवरून आत येतं. पेन्सिल हील गोठ्यातल्या नाल्यावरच्या जाळीत अडकते, रबराच्या चटईत रुतते, मातीत बुडते. टाच हवीच असेल तर रुंद चौकोनी, दोन ते साडेतीन सेंटीमीटर उंचीची. चार सेंटीमीटरच्या पुढे वजन चवड्यावर सरकायला लागतं आणि एमएमआयच्या पाचव्या-सहाव्या दारापाशी ते कळतं. टाचेची खालची टोपी रबराची हवी. प्लॅस्टिकची असेल तर लांब कॉरिडॉरमध्ये टकटक होते आणि ओल्या टाईलवर पकड शून्य.

काळे चामडी स्नीकर चालतील का, असं हमखास विचारलं जातं. पूर्ण काळे, तळही काळा, कंपनीची मोठी खूण नाही, स्वच्छ, आणि वर नीट इस्त्रीची पँट असेल तर बहुतेक ठिकाणी कुणाला खटकणार नाही. पाय दुखावलेला असेल, सपाट असेल, आत वेगळा सुखतळा घालावा लागत असेल, तर निःशंक घाला. पांढऱ्या तळाचे मात्र नकोत.

चामडं नको असणाऱ्यांसाठी: मायक्रोफायबरचे बूट आता चांगले मिळतात, पुसायला सोपे असतात. स्वस्त रेक्झिन टाळा. ते थंडीत कडक होतं, चवड्यापाशी जिथे बूट वाकतो तिथे तडकतं आणि एकदा साल निघायला लागली की पॉलिशनं झाकत नाही. चकचकीत पेटंट लेदरचंही कडक थंडीत असंच होतं.

तळाबद्दल जरा सविस्तर, कारण दुकानात कुणी बूट उलटा करून पाहत नाही. चामड्याचा तळ देखणा, पण ओल्या फरशीवर घसरतो आणि जंतुनाशक शोषून घेतो. या कामाला तो नको. रबर सगळ्यात भरवशाचं. टीपीआर (रबरासारखं प्लॅस्टिक) स्वस्त आणि हलका, पण थंडीत कडक होतो, मग बर्फावर पकड सोडतो. नखानं दाबून पाहा, थोडा दबला पाहिजे. नक्षी बारीक, उथळ असावी: दोन-तीन मिलिमीटर खोल. ट्रेकिंगच्या बुटासारख्या खोल खाचा असल्या तर शेण आणि खडे त्यात बसतात आणि चटईवर पाय बुडवूनही निघत नाहीत.

पीयूच्या तळाचा इशारा खास आपल्याकडच्या घरांसाठी. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं आतून तुटत जातं. मुंबईत, कोकणात, गोव्यात कपाटात चार-पाच वर्षं जपून ठेवलेला, भावाच्या लग्नात एकदाच घातलेला बूट वरून नवाकोरा दिसतो आणि घालून अर्धा किलोमीटर चाललं की तळाचे तुकडे पडायला लागतात. न वापरलेल्या जोडाला हा धोका जास्त. असा जोड सामानात टाकण्याआधी तळ दोन्ही हातांनी वाकवा, अंगठ्यानं दाबा. भेगा दिसल्या, पिठूळ भुगा निघाला किंवा चिकटपणा जाणवला तर तो जोड घरीच ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर तळ सुटला तर फेव्हिक्विकनं तो दिवसभर टिकत नाही.

माप. भारतातले आकडे ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुरुषांच्या बुटात भारतीय ८ म्हणजे अमेरिकी ९ च्या जवळ, युरोपीय ४२ च्या आसपास. बायकांच्या बुटात अमेरिकी आकडा भारतीय आकड्यापेक्षा साधारण दोननं मोठा. अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतीत एका आकड्याचा फरक इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि अर्ध्या आकड्याचा सव्वाचार. हे ढोबळ आहे, कारण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. अमेरिकेत बुटांच्या जुन्या पद्धतीच्या दुकानात एक धातूची पाटी असते, सरकपट्ट्या असलेली. ते ब्रॅनॉक उपकरण, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं. ते तीन मापं देतं: टाच ते बोट, टाच ते अंगठ्याचा सांधा, आणि रुंदी. मधलं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. बूट जिथे वाकतो ती जागा अंगठ्याच्या सांध्याखाली आली पाहिजे. लांबी बरोबर आणि ही जागा चुकली तर बूट पायाच्या मध्यात वाकतो आणि कमानीला टोचतो.

रुंदीचा प्रश्न आपल्या मुलांना जास्त येतो. लहानपण चपलेत आणि अनवाणी गेलेल्या पायाचा चवडा पसरट असतो, बोटं सुटी असतात. नेहमीच्या रुंदीचा बूट करंगळीला लागतो, मग दुकानदार अर्धा नंबर मोठा देतो. करंगळीला जागा मिळते पण टाच सुटते, आणि टाच सुटली की फोड ठरलेला. योग्य उपाय म्हणजे लांबी तीच ठेवून रुंद बूट मागणं. अमेरिकेत रुंदी अक्षरांत असते: पुरुषांचा नेहमीचा डी, रुंद ई किंवा दोन ई, बायकांचा नेहमीचा बी, रुंद डी.

घरी माप घ्यायचं तर संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. मुलाखतीत घालणार तेच मोजे घाला, फरशीवर कागद ठेवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पायांचं माप घ्या, बूट मोठ्या पायाला घ्या. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा सगळ्यात लांब बोटापासून मापा. बुटात त्या बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर मोकळे हवेत. दुकानात आणखी एक खात्रीची परीक्षा आहे: सुखतळा सुटा असेल तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. चवडा किंवा बोट सुखतळ्याच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, 'वापरून सैल होईल' हे ऐकू नका. चामडं रुंदीला थोडं देतं, लांबीला अजिबात देत नाही.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मध्यातच दुमडत असेल तर आतली पट्टी कमकुवत आहे. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, तो ताठ राहिला पाहिजे. नव्या बुटात चालताना टाच तीन-चार मिलिमीटर उचलली तर ठीक, तळ वाकायला लागला की ते कमी होतं. बोट आत जाईल इतकी उचलली तर परत करा.

नवा बूट मुलाखतीच्या निदान चार आठवडे आधी घ्या. पहिला आठवडा फक्त घरात, रोज तासभर, म्हणजे आवडला नाही तर परत करता येतो. दुसऱ्या आठवड्यात बाहेर दोन तास. तिसऱ्या आठवड्यात एक पूर्ण दिवस: सहा-सात तास, त्यात तीन-चार किलोमीटर चालणं आणि दोन-तीन जिने. चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड. सलग दोन दिवस तोच बूट नको. चामड्यात मुरलेला घाम वाळायला रात्रभर पुरत नाही, चोवीस तास लागतात. आत लाकडी साचा घालावा, नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे. हेअरड्रायर किंवा हीटरवर वाळवलेलं चामडं आकसतं आणि तडकतं. एखादीच जागा लागत असेल, समजा करंगळीपाशी, तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन तेवढीच जागा साच्यावर ताणून घ्या. दोन दिवसांचं काम असतं.

फोड घासण्यानं येतो एवढंच लोक धरून चालतात. खरं तर कातडी मोज्याला चिकटून एका बाजूला ओढली जाते, आतलं हाड दुसरीकडे सरकतं, आणि या ओढाताणीत कातडीचे थर सुटून मध्ये पाणी भरतं. ओलसर कातडीला हे लवकर होतं. त्यामुळे सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकर आणि नायलॉनचं मिश्रण असलेले, पोटरीपर्यंत येणारे, गडद रंगाचे मोजे घ्या. बसल्यावर पायाची उघडी कातडी दिसणार नाही हाही फायदा. नायलॉनच्या स्टॉकिंग घालायच्या असतील तर बुटाचा सुखतळा गुळगुळीत नसावा, पाय आत पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आदळतात.

जिथे नेहमी लागतं ती जागा तुम्हाला सरावाच्या आठवड्यांत कळलेली असते. मुलाखतीच्या सकाळी कोरड्या पायावर तिथे कागदी टेप लावा, आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मायक्रोपोअर म्हणून मिळते तीच. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंवर ती वापरून पाहिली तेव्हा टेप लावलेल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी आले होते. टेपला सुरकुती पडू देऊ नका आणि कोपरे कात्रीनं गोल करा, नाहीतर मोज्यानं ते उचकटतात. आधीच फोड आला असेल तर टेप नको, काढताना साल निघतं. त्यासाठी जेलची हायड्रोकोलॉइड पट्टी.

थंडीच्या गावांचं वेगळं पाहावं लागतं. सेंट पॉल, मॅडिसन, ईस्ट लान्सिंग, इथाका, गुएल्फ ही सगळी अमेरिका-कॅनडातली व्हेट स्कूलची गावं, आणि जानेवारीत तिथे बर्फ असणारच. सेंट पॉलला रात्री उणे दहाच्या खाली जाणं नेहमीचं. तिथे दोन जोड न्या. पार्किंगपासून इमारतीपर्यंत पकड असलेले बर्फाचे बूट, आत गेल्यावर मुलाखतीचे. दारात बूट बदलणं तिकडे कुणालाही वावगं वाटत नाही, नोकरदार रोज करतात. उतरवलेले ओले बूट ठेवायला तोंड बांधता येणारी पिशवी हवी, आणि ती ठेवायची जागा आल्या-आल्या स्वागतकक्षात विचारून घ्या.

रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते पाण्यात विरघळून चामड्यात शिरतं आणि वाळलं की पांढरी लहरी रेघ उमटते. साध्या पाण्यानं पुसलं की ती नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर परत येते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, कापड भिजवून पिळा, फक्त डाग न पुसता बुटाचा तो सगळा भाग पुसा, मग साध्या ओल्या कापडानं. वाळल्यावर क्रीम. मीठ रात्रभर राहू दिलं तर चामडं कोरडं पडून चिरतं.

भारतातून थेट जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे. अर्जासाठी अनुभव हवा म्हणून मुलं गावाकडच्या डॉक्टरांबरोबर गोठ्यांत फिरतात, आणि तेच बूट विमानात घालून निघतात. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे. अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर आलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली आला तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. याचा विषाणू बुटाला लागलेल्या शेण-मातीतून जातो. अमेरिकेत उतरताना शेतावर गेला होतात का, जनावरांजवळ होतात का, असं विचारलं जातं. खरं सांगा. फार तर अधिकारी बूट पाहतील आणि जंतुनाशकानं धुऊन देतील. खोटं सांगणं पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्याला शोभत नाही. गोठ्यातले गमबूट इथेच ठेवा. न्यायचेच असतील तर आधी ब्रशनं खाचांतली माती पूर्ण काढा, मग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात, लिटरला ४० ग्रॅम, तळ दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. या विषाणूला हा सोडा मारतो. हे रबरासाठी, चामड्याच्या बुटाला लावू नका. मुलाखतीचा जोड तर कधीच गोठ्यात न गेलेला असावा. आणि तिथे पोचल्यावर पाच दिवसांच्या आत कॅम्पसच्या गोठ्याची फेरी येत असेल तर आपण कुठून आलो ते आधी कळवून आत जाऊ का विचारा. बाहेरदेशातून आलेल्या पाहुण्यांनी एवढे दिवस जनावरांपासून दूर राहावं असा नियम अनेक ठिकाणी असतो.

आदल्या दिवशीचं काम अर्ध्या तासाचं. नाड्या काढा, ओल्या कापडानं पुसा, वाळू द्या, क्रीम पॉलिश पातळ लावा, दहा मिनिटांनी ब्रश मारा. मेणाचं पॉलिश वरून एक हात लावलं तर पाणी आणि जंतुनाशक काही वेळ बाहेर राहतं. तळाच्या कडेवरही पॉलिश फिरवा, बूट जुना दिसतो तो तिथूनच. नाडी झिजलेली असेल तर आजच बदला. गोल मेणाची नाडी सुटत राहते, म्हणून दुहेरी गाठ मारा किंवा चपटी सुती घ्या. बॅगेत मायक्रोपोअर, मोज्यांचा एक जादा जोड, दोन-तीन ओले टिश्यू आणि जुन्या दात घासायच्या ब्रशसारखा एक छोटा ब्रश असू द्या.

मुलाखत ऑनलाइन असेल (२०२० नंतर अनेक कॉलेजांनी ती तशीच ठेवली आहे), तर बूट कुणाला दिसत नाहीत. जे घालून पाय जमिनीवर सपाट टेकतात ते घाला.

एका आठवड्यात दोन कॉलेजांच्या फेऱ्या असतील तर पहिल्या कॉलेजातून निघतानाच तळ घासून घ्या. पार्किंगमध्ये खाचांतली माती ब्रशनं काढा, मुक्कामी पोचल्यावर बेसिनमध्ये गरम पाणी आणि साबणानं फक्त तळ आणि कडा धुवा, वरचं चामडं भिजवू नका. मग वर्तमानपत्र भरून आडवे ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागते. घरी कुत्रा-मांजर असेल तर तेच बूट दाराबाहेर काढा: लहान जनावरांच्या रुग्णालयातून आलेला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू, साध्या साबणानं मरत नाही. रबरी तळासाठी घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं द्रावण करा, तळ दहा मिनिटं त्यात टेकवून ठेवा आणि मग भरपूर पाण्यानं धुऊन टाका.